चार इसा न् सतरा

लक्ष्मीनगरात, गॅरेजच्या वर, किंखेडे बाईंच्या क्लासात
भिंतीवर जगाचा नकाशा होता.
त्यात एकच देश गुलाबी.
बाकी जग कूलरच्या पाण्यानं फुगलेलं.
बाई पॅरिसला कधी गेल्या नव्हत्या,
पण तिथल्या पुलांची नावं सांगायच्या
सीताबर्डीच्या दुकानांसारखी, ओळीनं, डावीकडून.

मी ती भाषा पंचवीस वर्षं वापरली.
म्हणजे शिकवली. वापरली म्हणता येणार नाही.
दहावीची पोरं येतात शंभरातल्या अठ्ठ्याण्णवसाठी,
मार्च संपला की शब्द बाकावरच ठेवून जातात.
जरीपटक्यातून नर्सेस येतात, ड्यूटी आटोपून,
कॅनडाच्या गुणांसाठी;
मे महिन्यात, सत्तेचाळीस अंशांत,
बर्फाचे चार प्रकार पाठ करतात
आणि दुपट्ट्यानं मान पुसतात.

मग एका डिसेंबरात फोन.
वर्धा रोडवरच्या कापूस संस्थेत पाहुणे आलेत,
दुभाष्या आजारी आहे, येता का?
मी फिकट निळी साडी नेसले.
मनात अजून तो गुलाबी देश.

जीपमधून उतरल्या जेनेबा कोने,
माली देशाच्या, सिकासोकडच्या,
खिशात भिंग, चपलांना आधीच काळी माती.
बोंड सोललं, सरकी दातानं फोडली,
आणि बोलल्या. माझीच भाषा,
पण 'र' आपल्यासारखा, जिभेच्या टोकावर खणखणीत.
बाईंनी दोन वर्षं गुळण्या करवून
माझ्या घशात जो 'र' बसवला होता
त्याची इथं कुणाला गरजच नव्हती.

"घरी बम्बारा," त्या म्हणाल्या, "शाळेत ही.
आमच्या आजोबांच्या शाळेत बम्बारा निघाली तोंडातून
की गळ्यात लाकूड अडकवायचे.
आता सरकारनं हिला एक पायरी खाली उतरवलंय,
नुसती कामाची भाषा.
कामापुरती असली की भाषेशी भांडण राहत नाही."

धुऱ्यावर वजनकाटा.
तिघींच्या वेचणीचं गाठोडं टांगलं.
काट्याकडे न पाहता पंचफुलाबाई म्हणाली,
"चार इसा न् सतरा."

मी तोंड उघडलं आणि थांबले.
कात्र. व्हॅं. दी-सेत.
चार. वीस. दहा-सात.
सरकीला रुई धरून असते
तसा शब्दाला शब्द;
वर एक धागा उरला नाही.
पंचवीस वर्षं पोरं विचारत आली,
मॅडम, सत्त्याण्णवला हा असला हिशेब का?
आणि मी म्हणायचे, पाठ करा.

जेनेबा हसल्या.
किन्शासात म्हणे नव्वदला सरळ शब्द आहे, नोनांत.
तिथं बेल्जियमवाले गेले होते,
आमच्याकडे दुसरे आले.
ज्याच्या हातचा मार, त्याच्या हातचा पाढा.

"कोन्या गावच्या म्हना?" पंचफुलानं विचारलं.
मालीच्या.
"मायी हायेत? मंग तं आमच्यातल्याच!"
जेनेबांनी माझ्याकडे पाहिलं.
याला फ्रेंच कुठून आणू?
जिथं जिथं ती भाषा पोचली,
दाकारला, हैतीत, बर्फातल्या त्या मॉन्ट्रियलला,
कुठं नसेल याला शब्द.
पाँडिचेरीत कदाचित असेल.
मी म्हटलं, तुम्हाला घरची समजते ती.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

मग त्यांनी मूठभर कापूस उचलला,
पंचफुलाच्या नाकासमोर धरला,
आणि फ्रेंच सोडून म्हणाल्या:
"कोरी."
"कोरीच हाय ना बाई," पंचफुला म्हणाली,
"आजच तं येचली."

दोघी हसल्या, वेगवेगळ्या कारणांनी.
मी धुऱ्यावर उभी,
निऱ्यांना चिकटलेली वाळकी पत्ती काढत.
मला कुणी काही विचारलं नाही.